रेडिओला दोष देण्याआधी

आर्डुइनोला जोडलेलं बिनतारी मॉड्यूल चालेना की संशय आधी हवेवर जातो. रेंज कमी पडत असेल, मधे भिंत आहे, शेजाऱ्यांचा वायफाय आडवा येत असेल, अँटेना बेकार असेल. त्यातून काही निघालं नाही की पाळी प्रोग्रामची येते आणि एकामागून एक लायब्ऱ्या बदलून पाहणं सुरू होतं. तेही करून झालं की मॉड्यूल 'डुप्लिकेट' ठरतं. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असेल, सबमिशन आठवड्यावर आलं असेल, तर हा क्रम ठरलेलाच. माझं म्हणणं असं की हा क्रम बरोबर उलटा आहे. बिनतारी मॉड्यूलचा बिघाड बहुतेक वेळा त्याच्या रेडिओत नसतो. तो त्याला वीज देणाऱ्या दोन तारांत असतो, नाहीतर त्याच्याशी बोलणाऱ्या पाच तारांत असतो. आणि या सात तारा निःशंक झाल्याशिवाय हवेबद्दल, प्रोग्रामबद्दल किंवा विक्रेत्याबद्दल काही बोलण्याचा हक्क आपल्याला पोचत नाही. रोजच्या कामातून हे मत बनलेलं असलं, तरी त्यासाठी माझ्या अनुभवावर विश्वास ठेवायची गरज नाही. चिपच्या डेटाशीटमधले आकडे नीट मांडले तरी पुरे.

उदाहरणासाठी सगळ्यात जास्त शिव्या खाणारं मॉड्यूल घेऊ: एनआरएफ२४एल०१+. नॉर्वेतल्या नॉर्डिक सेमिकंडक्टरची ही चिप. अंगठ्याच्या पेराएवढ्या हिरव्या पट्टीवर ती बसवलेली असते, एका टोकाला नागमोडी छापील अँटेना आणि दुसऱ्या टोकाला चार-चारच्या दोन ओळींत आठ पिना. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते, दोन घेतल्या तरी खिशाला जड जात नाही. रिमोटवर चालणारी गाडी, शेतातल्या ओलाव्याचा सेन्सर, पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारा डबा, अशा कितीतरी प्रोजेक्टांत ती असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, वीज ३.३ व्होल्टची लागते. सिग्नलच्या पिना मात्र आर्डुइनो ऊनोचे ५ व्होल्ट सहन करतात, त्यामुळे लेव्हल शिफ्टर लागत नाही. जोडणी कागदावर इतकी सोपी दिसते की चुकायला जागाच नाही असं वाटतं, आणि तिथेच पहिला घोटाळा होतो.

आता विजेचा हिशोब. डेटाशीट सांगतं की पूर्ण ताकदीवर पाठवताना चिपला ११.३ मिलिअँपिअर लागतात आणि ऐकताना १३.५. ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून ५० मिलिअँपिअर घेता येतात, असं आर्डुइनोचे कागद सांगतात. म्हणजे गरजेच्या तिपटीहून जास्त वीज हाताशी आहे. मल्टिमीटर लावावा तर तोही ठाम ३.३ दाखवतो. अभ्यासू विद्यार्थी इथपर्यंत येतो आणि वीजपुरवठ्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. त्याची बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. मात्र त्याने धरलेले आकडे स्थिर चालणाऱ्या यंत्राचे आहेत, आणि हे यंत्र स्थिर चालतच नाही. स्वस्थ बसलेली चिप २६ मायक्रोअँपिअर घेते. पाठवण्याचा हुकूम मिळाला की १३० मायक्रोसेकंदांत ती तयार होते आणि तिची भूक एकदम चारशे पटींच्या वर जाते. ३२ बाइटचा पूर्ण भरलेला संदेश, पत्ता आणि तपासणीचे बिट्स धरून, ३२९ बिट्सचा होतो; सेकंदाला एक मेगाबिटच्या वेगाने तो एक तृतीयांश मिलिसेकंदात हवेत निघूनही जातो. हातातला साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा बदलतो. एवढ्याशा काळात व्होल्टेज कितीही डुचमळलं तरी मीटरला त्याचा पत्ताच लागत नाही. तो खोटं बोलत नाही, फक्त सरासरी सांगतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, पण महिन्याच्या वीजबिलात ते कुठे दिसत नाही, तसंच हे.

यावर जाणकार एक चांगला आक्षेप घेतात. चिप १.९ व्होल्टपर्यंत चालते असं तेच डेटाशीट म्हणतं. मग ३.३ चे क्षणभर तीन झाले, अगदी पावणेतीन झाले, तरी बिघडलं काय? बिघडतं ते असं. चिपच्या पोटात दोन वेगळ्या स्वभावाचे भाग आहेत. रजिस्टर आणि आकडेमोड सांभाळणारा भाग सोशिक असतो; त्याला एक आणि शून्य यांतला फरक कळला की भागतं. नेमकी फ्रीक्वेन्सी धरून ठेवणारा भाग मात्र नाजूक, त्याला व्होल्टेज कमी असलं तरी चालतं, पण हलतं असलेलं खपत नाही. म्हणूनच विजेचा दोष असा विचित्र दिसतो. चिप आर्डुइनोशी व्यवस्थित बोलते, सगळी सेटिंग्ज बरोबर वाचून दाखवते, आणि तरीही दहातले सात संदेश गळतात किंवा टेबलावर चालणारी जोडी पलीकडच्या खोलीत मुकी होते. पाहणाऱ्याला हे हुबेहूब 'रेंज'चं दुखणं वाटतं. खुद्द नॉर्डिकचं डेटाशीट सांगतं की चिपच्या पिनांजवळ लहान कपॅसिटर असावेतच, आणि त्यांच्या जोडीला ४.७ मायक्रोफॅरडसारखा एक मोठाही असणं चांगलं. स्वस्त हिरव्या पट्टीवर लहान असतात, हा मोठा बहुधा वगळलेला असतो. त्यातच आपण वीतभर लांबीच्या जंपर वायरी आणि सैल झालेला ब्रेडबोर्ड मधे घालतो. त्यामुळे मॉड्यूलच्या व्हीसीसी आणि ग्राउंडच्या पिनांवरच, ब्रेडबोर्डवर नव्हे, १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर डाग देऊन बसवणं हा काही हौशी लोकांचा तोडगा किंवा टोटका नव्हे. कारखान्याने न लावलेला भाग आपण लावतो, इतकंच. पट्टा असलेला पाय ग्राउंडला जातो, हे मात्र डाग देण्याआधी दोनदा पाहावं.

कपॅसिटर लावूनही काही होत नाही, अशी तक्रार पुष्कळदा येते आणि ती खरी असते, कारण तो एकाच बाजूला लावलेला असतो. एक पाठवतो तो 'ट्रान्समीटर', दुसरा ऐकतो तो 'रिसीव्हर', अशी आपण डोक्यात वाटणी करतो आणि कपॅसिटर पाठवणाऱ्याला देतो. या चिपच्या बाबतीत ही वाटणी चालत नाही. संदेश मिळाला की ऐकणारी चिप आपणहून पोच पाठवते. पोच आली नाही की पाठवणारी पुन्हा पाठवते, जास्तीत जास्त पंधरा वेळा, आणि मग हरल्याचं आर्डुइनोला कळवते. म्हणजे ऐकणाऱ्यालाही बोलावं लागतंच. यातूनच निदानाची एक फार उपयोगी खूण मिळते. रिसीव्हरच्या स्क्रीनवर संदेश दिसतोय, पण ट्रान्समीटर 'फेल' म्हणतोय, असं असेल तर संदेश जातोय आणि पोच परत येत नाही. मग ट्रान्समीटरचा कोड उलटापालटा करण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या टोकाचा वीजपुरवठा तपासायचा. लक्षण एका बोर्डावर दिसतं आणि कारण दुसऱ्यावर असतं.

अँटेना बाहेर काढलेलं, जास्त ताकदीचं जे मॉड्यूल मिळतं, त्याच्या बाबतीत तर सरासरीचा हिशोबसुद्धा जमत नाही. विक्रेतेच त्याची कमाल गरज ११५ मिलिअँपिअर सांगतात. ऊनोच्या पिनेतून मिळणारे ५०. आर्डुइनो नॅनोवर गोष्ट आणखी बिकट, कारण तिथे ३.३ व्होल्ट वेगळ्या रेग्युलेटरमधून येत नाहीत, यूएसबीच्या चिपमधूनच काढून घेतलेले असतात. अशा वेळी लोक सॉकेट असलेली छोटी ॲडॅप्टर पट्टी आणतात. तिच्यावर रेग्युलेटर आणि कपॅसिटर दोन्ही असतात, कल्पना उत्तम. पण तिला आर्डुइनोच्या ५ व्होल्टवरून वीज द्यायची असते. मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आहे हे पाठ झालेलं असल्याने पट्टीलाही ३.३ दिले जातात. रेग्युलेटर त्यातला व्होल्टभर तरी स्वतःच्या अंगावर ठेवून घेतो, आणि मॉड्यूलच्या वाट्याला जेमतेम दोन उरतात. उपाय म्हणून आणलेली वस्तूच नवा दोष होऊन बसते. एका वेळी एकच बदल करावा, या जुन्या नियमाचा फायदा इथे कळतो. ॲडॅप्टर, नवी लायब्ररी आणि नवा चॅनल एकाच संध्याकाळी बदलले, तर काय बिघडलं हे सांगणारा कुणीच उरत नाही.

वीज झाली. आता बोलणाऱ्या पाच तारा. इथे अंदाज बांधायचं कारणच नाही, कारण चिपला विचारता येतं. आरएफ२४ लायब्ररीत रजिस्टरं छापून दाखवणारी 'प्रिंटडिटेल्स' नावाची सोय आहे. ती वापरली की सीरियल मॉनिटरवर डझनभर ओळी उतरतात. नवखा माणूस त्या आकड्यांना बिचकतो, पण वाचायला त्या अवघड नाहीत. सगळीकडे ००, ०० आलं किंवा सगळीकडे एफएफ, एफएफ आलं, तर चिप बोलतच नाही. रिकामी तार वाचली जातेय. चॅनलच्या ओळीत ४सी दिसलं, म्हणजे दशमानात ७६, लायब्ररीचा मूळ चॅनल, आणि पत्त्याच्या ओळीत आपणच ठरवलेला पत्ता दिसला, तर जाणं-येणं दोन्ही सुरळीत आहे. दर वेळी थोडे वेगळे, अर्धवट बरोबर आकडे आले, तर कुठेतरी सैल पिन आहे किंवा तारा प्रमाणाबाहेर लांब आहेत. रिसीव्हरवर शून्यांचा पाऊस पडतोय आणि थांबत नाही, हे दृश्यही बहुतेक वेळा त्यातलंच: संदेश आलेलाच नसतो, मुकी तार 'आला' म्हणून वाचली जात असते. हे सगळं एकच मॉड्यूल जोडून, दुसरं कपाटात ठेवून करता येतं. हवेचा यात काडीचा संबंध नाही, आणि तरीही बिघाडांचा मोठा वाटा याच पायरीवर सापडतो.

सापडतो तो कशात, हेही सांगायला हवं. आठ पिनांचा नकाशा वरून पाहिलेला असतो आणि आपण मॉड्यूल उलटं करून खालून जोडत असतो, त्यामुळे ओळी आरशासारख्या फिरतात. ग्राउंडच्या पिनेचा ठसा पुष्कळ पट्ट्यांवर चौकोनी असतो, तो आधी शोधावा. दुसरं ठिकाण म्हणजे ऊनोवरून मेगावर केलेलं स्थलांतर. पाचांपैकी एसपीआयच्या तीन तारा ऊनोवर ११, १२, १३ वर असतात, मेगावर त्याच ५१, ५०, ५२ वर. प्रोग्राममध्ये हे आकडे कुठे लिहिलेले नसतात, तिथे फक्त उरलेल्या दोन तारांचे, सीई आणि सीएसएनचे, असतात. म्हणून कोड अक्षर न बदलता चढतो, एकही एरर येत नाही, आणि मॉड्यूल मात्र गप्प. कंपायलरचं समाधान झालं म्हणजे जोडणी बरोबर आहे, असा एक भाबडा विश्वास सॉफ्टवेअरकडून आलेल्या मुलांच्या मनात घट्ट असतो. कंपायलरला तारा दिसत नाहीत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: बाजारात नकली चिपा आहेतच. आहेत, आणि कमी नाहीत. नॉर्डिकचं नाव छापलेल्या पुष्कळ चिपांच्या आत एसआय२४आर१ किंवा तशीच दुसरी नक्कल असते. काही पट्ट्यांवर तर चिपच्या जागी नुसता काळा डांबरी ठिपका असतो. काही नकला आपापसांत उत्तम बोलतात, पण लांबी बदलत्या संदेशांचा प्रकार वापरला की अस्सल चिपशी त्यांचं जमत नाही. काहींना सेकंदाला २५० किलोबिटचा वेग देऊ पाहिला तर त्या स्वीकारत नाहीत. मात्र तो वेग जुन्या, 'प्लस' नसलेल्या अस्सल चिपेतही नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून नकली ठरवणं घाईचं. हा आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा जागेवर राहतो, किंबहुना पक्का होतो. नकलेची ही सारी लक्षणं वीज आणि तारा स्वच्छ असल्या तरच ओळखू येतात. हलत्या विजेवरची अस्सल चिप नकलीपेक्षा वाईट वागते. त्यामुळे 'डुप्लिकेट आहे' हा निष्कर्ष तपासाच्या शेवटी काढता येतो, सुरुवातीला तो फक्त तपास टाळण्याचा मार्ग असतो. आणि बहुसंख्य नकली चिपा, दोन्ही टोकांना सारख्याच असतील तर, साध्या कामाला पुरतात, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

त्याच्याच जोडीला व्यवहारी माणसाचा प्रश्न असतो: एवढी स्वस्त वस्तू, तपासत बसण्यापेक्षा दुसरी लावा. लावावी, हरकत नाही. अदलाबदल ही तपासाची मान्यवर पद्धतच आहे. पण तिचा निकाल वाचता यायला हवा. नवं मॉड्यूलही तंतोतंत जुन्यासारखंच वागलं, तर 'पूर्ण लॉटच खराब' असा त्याचा अर्थ लावला जातो. दोन वेगळ्या वस्तू एकाच जागी एकाच प्रकारे बिघडत असतील, तर जागेकडे पाहायला नको का? बदलण्याची योग्य रीत उलटी आहे: संशयित मॉड्यूल चालू असलेल्या जोडणीत बसवा. तिथे चाललं तर ते निर्दोष सुटलं.

हवेचा दोष कधीच नसतो, असं मी म्हणत नाही. असतो, फक्त त्याची पाळी शेवटी येते, आणि आली तरी लोक ज्या दिशेने शोधतात तिथे तो क्वचितच असतो. टेबलावर चार बोटांच्या अंतरावर दोन जास्त ताकदीची मॉड्यूलं ठेवून चाचणी घेतली, तर ऐकणाऱ्याच्या कानठळ्या बसतात आणि संदेश गळतात. इथे रेंज कमी नसते, जास्त झालेली असते. ताकद कमीत कमीवर ठेवावी किंवा बोर्ड खोलीच्या दोन टोकांना न्यावेत. वायफायची गर्दी खरी असते, पण तिच्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. चिपला १२६ चॅनल आहेत, तेव्हा वायफायच्या वर, शंभराच्या पुढे जा, असं सांगितलं जातं. चॅनलचा आकडा २४०० मध्ये मिळवला की मेगाहर्ट्झ मिळतात. १०८ म्हणजे २५०८. भारतात परवान्याविना वापरायला मोकळा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे आणि २५०० च्या पुढे मोबाइल सेवांचा मुलूख सुरू होतो. म्हणजे आपल्या खेळण्यातल्या गाडीची अडचण सोडवायला दुसऱ्याच्या परवान्याच्या जागेत शिरायचं. मूळचा ७६ हा २४७६ वर पडतो. वायफायचा अकरावा चॅनल २४७३ च्या आसपास संपतो. पट्ट्याच्या आत राहून पुरेशी शांतता तिथे बहुधा मिळते.

राहता राहिला काळाचा आक्षेप. वेगळं मॉड्यूल जोडायचे दिवस गेले, ईएसपी३२ मध्ये रेडिओ आतच येतो, २०२३ साली आलेल्या ऊनो आर४ वायफायमध्येही तोच बसवलेला आहे. मग ही जुनी दुखणी कशाला उगाळायची? पाच तारा गेल्या, हे खरं. वीज कुठे गेली? २०१४ च्या सुमारास हौशी लोकांच्या हाती आलेला ईएसपी-०१ आठवा: पाठवताना १७० मिलिअँपिअरच्या घरात भूक असलेली ही वस्तू लोक ऊनोच्या ५० च्या पिनेला लावत आणि 'सारखा रीसेट होतो' म्हणून फर्मवेअर बदलत बसत. ईएसपी३२ ने त्यात एवढीच सुधारणा केली की तो आता तोंडाने सांगतो. वायफाय सुरू होण्याच्या क्षणी सीरियल मॉनिटरवर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ येते आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कारण अनेकदा एखादी बारीक, मोबाइल चार्जिंगपुरती यूएसबी केबल असते. आणि यावर सर्वाधिक सापडणारा इलाज कोणता, तर ती ओळ छापणारी राखणीच प्रोग्राममधून बंद करून टाकणं! व्होल्टेज पडायचं थांबत नाही, फक्त ते सांगणारा गप्प बसतो.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात मॉड्यूलची जोडी घ्याल, तेव्हा १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटरही मागून घ्या. त्यांना पाच-दहा रुपयांच्या वर पडत नाहीत. घरी आल्यावर ते आधी दोन्ही पट्ट्यांवर डाग देऊन बसवा, मग एकेक पट्टी जोडून रजिस्टरं वाचा, आणि दोन्हींनी बरोबर उत्तर दिल्यावरच पहिला संदेश पाठवा. प्रोजेक्ट तपासणाऱ्या शिक्षकांनाही एक विनंती आहे. व्हायवाला मुलांना चिपची रेंज किती मीटर, हे विचारू नका, ते त्यांनी दुकानाच्या पानावरून पाठ केलेलं असतं. ३.३ व्होल्ट तुम्ही कुठून घेतले आणि ते पुरतात हे कशावरून ठरवलंत, एवढं विचारा.